चादरीवरचा चेंडू

"मावशी, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा लगेच रडला नाही, बारा दिवस काचेत होता, झटकेही आले. चालायला उशिरा लागला. डोळ्यांच्या तीन डॉक्टरांनी 'डोळे नॉर्मल आहेत' म्हणून परत पाठवलं. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, दोष मेंदूत आहे, त्याला सीव्हीआय म्हणतात. घरात कुणाला पटत नाही. आमचं घर यंत्रमागांच्या वरच आहे. सासूबाई म्हणतात, 'भिंतीवर पळणारी पाल दिसती, मोबाइल दिसतो, मग पायातली चप्पल कशी दिसंना? नाटकं करतंय.' जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. होम मैदानावर हात सुटला. मी चार पावलांवर उभी, तो माझ्याकडंच तोंड करून रडतोय आणि मला ओळखंना. माझं डोकं फिरलं, मी त्याला मारलं. मावशी, त्याला दिसतं का नाही, एकदा खरं काय ते सांगा."
एक आई, सोलापूर

दिसतं. आणि दिसत नाही. दोन्ही खरं आहे बाई, म्हणूनच घरात एवढा घोळ होतोय.

डोळा फक्त उजेड गोळा करतो आणि मागे धाडतो. समोर चप्पल आहे की मांजर, हे ठरतं मेंदूत. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला, बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असलं, पहिल्या दिवसांत रक्तातली साखर खूप खाली गेली, मेंदूज्वर झाला, तर या वाटेला इजा होऊ शकते. डोळे धडधाकट, वाट खराब. त्या तीन डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही, त्यांनी अर्धंच तपासलं.

आता सासूबाईंची पाल. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला जखमा झालेले सैनिक जॉर्ज रिडॉक नावाच्या डॉक्टरांनी तपासले आणि १९१७ साली लिहून ठेवलं, की स्थिर वस्तू ज्यांना दिसत नव्हती, त्यांतल्या काहींना तीच वस्तू हलली की कळायची. हालचाल ओळखण्याचं काम मेंदू काहीसं वेगळ्या वाटेनं करतो. पाल हलते, तीही कोऱ्या भिंतीवर. चप्पल दहा चपलांच्या ढिगात गप्प पडलेली असते. मोबाइलला तर आतून उजेड आहे. नाटक कुठंच नाही. तुझ्या सासूबाईंची नजर मात्र पक्की आहे, त्यांनी जे टिपलं ते डॉक्टरांच्या कागदावर असायला हवं होतं.

घरात पहिलं काम चादरीचं. हसू नकोस. आपल्या सोलापुरी चादरीचं नाव जगभर झालं ते तिच्या नक्षीमुळं, आणि या लेकरासाठी तीच नक्षी वैरी आहे. लाल चेंडू फुलाफुलांच्या चादरीवर ठेवला की तो त्या फुलांतलं आणखी एक फूल होऊन बसतो. तुमच्या घरात कापडाला तोटा नाही, एक काळं, एकरंगी, न चमकणारं कापड काढ. त्यावर एकच वस्तू ठेव, लाल किंवा पिवळी, कारण यातल्या बऱ्याच मुलांना एखादा ठळक रंग लवकर सापडतो. तुझ्या मुलाचा रंग कोणता, ते तू शोध. वस्तू किंचित हलव आणि थांब. हे थांबणं फार अवघड जातं, मला अजून जातं. मनात दहापर्यंत मोज. 'बघ ना, बघ ना, हे काय?' म्हणायचं नाही. तो आधी मान दुसरीकडं वळवील आणि न बघताच हात घालील. त्याला एका वेळी बघणं आणि उचलणं दोन्ही झेपत नाही, म्हणून. दुर्लक्ष करतोय असं समजू नकोस.

मागांचा खडखडाट हे दुसरं. तुम्हा सगळ्यांच्या कानाला तो आता ऐकूही येत नसेल. पण अशा मेंदूला बघणं म्हणजे कष्टाचं काम, त्यात आवाज शिरला की बघणं बंद पडतं. वीज गेली, माग थांबले, की पोरगा अचानक हुशार वाटतो का, लक्ष ठेव. मग खेळ, चित्रं, अक्षरं त्याच वेळेला घे. जेवण झाल्यावर दहा मिनिटं पुष्कळ झाली. दमल्यावर त्याला सकाळपेक्षा कमी दिसेल, तापात आणखी कमी.

ताटाकडंही बघ. जवळच्या काठाशी वाढलेली भाजी तशीच राहते का? उंबऱ्याला, पायरीला अडखळतो का? अशा मुलांना पुष्कळदा नजरेच्या खालच्या भागातलं दिसत नाही. ताट फिरवून दे, जमलं तर थोडं उंचावर ठेव. स्टीलचं ताट चकाकतं आणि पांढरा भात पांढऱ्या ताटलीत हरवतो, तेव्हा गडद एकरंगी ताटली आण. पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा मार, रंगाचा एक डबा पुरतो.

मी एका बालवाडीत शिकवत होते तेव्हा माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती. दिसत नसेल म्हणून मी तिला पुढं बसवलं, आणि पुढच्या भिंतीवर होते फळांचे, प्राण्यांचे, बाराखडीचे बावीस तक्ते, वर पताका. ती दिवसभर खिडकीच्या उजेडाकडं बघत बसायची. मी तिला 'मंद' म्हटलं, तेही तिच्या आईसमोर. ती शाळा सोडून गेल्यावर कितीतरी वर्षांनी मला हे सगळं कळलं. तुझ्या मुलाच्या बाईंना सांग, त्याला कोऱ्या भिंतीकडं तोंड करून, खिडकीकडं पाठ करून बसवा. पानावर एकच चित्र ठेवा, बाकीचं कागदानं झाका.

डॉक्टरकडचं थोडक्यात सांगते. डोळ्यांत मध, थेंब, तेल काही घालू नकोस, वाट मेंदूत आहे. पण चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून घे. या मुलांना जवळचं नीट दिसण्यासाठी बऱ्याचदा चष्मा लागतो आणि 'मेंदूचा दोष' म्हटल्यावर तो राहून जातो. झटक्यांच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. सिव्हिलमध्ये जाऊन लहान मुलांच्या डीईआयसीची, म्हणजे विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राची, चौकशी कर. अपंगत्वाच्या दाखल्याचंही तिथंच विचार. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत या दोषाचं वेगळं नाव नाही. अंधत्व आणि अल्पदृष्टी मोजतात ती मुख्यतः अक्षरांच्या तक्त्यावरून आणि नजर किती रुंद पोचते त्यावरून, त्यात तो बसेल न बसेल. तो उशिरा चालला, तेव्हा सेरेब्रल पाल्सीसाठीही तपासा म्हणून सांग. दाखला चाळीस टक्क्यांचा झाला तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेतही.

बरा होईल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. नेहमीच्या मुलासारखी नजर होईल असं मी सांगणार नाही. बघणं सोपं करून दिलं तर ते वाढतं मात्र, कधी वर्षानुवर्षं वाढत राहतं.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना एक वही दे, लिहिता येत नसेल तर तू लिही: आज त्याला काय दिसलं, कुठं, किती वाजता, माग चालू होते की बंद. महिन्याभरात 'नाटक' हा शब्द त्या स्वतःच विसरतील. नाही विसरल्या तर डॉक्टरांपुढं त्यांनाच बोलायला लाव. मुलाची बारीक माहिती तुझ्या खालोखाल त्यांनाच आहे.

आता गड्डा. होम मैदानावर पाळणे, भोंगे, हजारो माणसं, त्यात पांढऱ्या बाराबंदीतले सगळे पुरुष सारखे. तिथं चेहरा शोधणं म्हणजे त्या चादरीवरचा चेंडू शोधणं. तू चार पावलांवर होतीस, त्याच्यापुरती कुठंच नव्हतीस. पुढच्या वर्षी नेऊ नको असं मी म्हणत नाही. दुपारी, गर्दी व्हायच्या आधी ने. बाहेर जाताना दरवेळी एकच पिवळीधमक ओढणी घे, हात सुटला तर जागेवरून हलू नकोस, त्याचं नाव घेऊन हाक मार आणि ओढणी हलव.

आणि त्या मारण्याबद्दल त्याच्याशी बोल. साडेचार वर्षांच्या पोराला 'आईचं चुकलं' हे कळतं. माग बंद असताना, टीव्ही बंद करून, जवळ घेऊन सांग. माझ्याकडं बघ म्हणून हनुवटी धरू नकोस. तो तोंड दुसरीकडं करील, तसंच ऐकू दे.