वाचकांचे प्रश्न : पाण्याखालून वर आलेले रणगाडे

प्रश्न : एस्टोनियातील एका तळ्यातून बुलडोझरने ओढून काढलेल्या रणगाड्याचे छायाचित्र पाहण्यात आले. पन्नासहून अधिक वर्षे पाण्यात राहूनही त्याच्यावर गंज दिसत नाही. आमच्या विहिरीवरचा लोखंडी रहाट मात्र काही पावसाळ्यांतच खंगतो. हे छायाचित्र खरे मानावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : छायाचित्र खरे आहे. एस्टोनियाच्या ईशान्येस कुर्तना परिसरात मातासयार्व नावाचे छोटे तळे आहे. १४ सप्टेंबर २००० रोजी कोमात्सु बनावटीच्या अवजड बुलडोझरने त्यातून टी-३४ जातीचा रणगाडा बाहेर काढण्यात आला. रणगाडा सोव्हिएत कारखान्यातला, पण त्याच्यावरच्या खुणा जर्मन सैन्याच्या होत्या. जर्मनांनी तो हस्तगत करून स्वतःच्या वापरात घेतला होता आणि सप्टेंबर १९४४ मध्ये नार्वा आघाडीवरून माघार घेताना तो पुन्हा सोव्हिएत फौजेच्या हाती पडू नये म्हणून तळ्यात घातला, असे मानले जाते.

आता गंजाविषयी. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. आपला रहाट दिवसातून अनेकदा भिजतो आणि वाळतो, त्यामुळे त्याला दोन्हींचा अखंड पुरवठा होतो. तळ्याच्या तळाशी कुजलेल्या वनस्पतींचा काळा गाळ असतो आणि त्यातील सूक्ष्मजीव मिळेल तेवढा प्राणवायू संपवून टाकतात. अशा गाळात रणगाडा पूर्ण रुतला की गंजाची क्रिया जवळजवळ थांबते. गोड्या पाण्यात क्षार आणि सल्फेट कमी असल्यामुळे, प्राणवायूविना जगणारे व लोखंड पोखरणारे जीवाणूही तेथे फारसे माजत नाहीत. अशा गाळातून काढलेल्या लोखंडावर कधीकधी एक पांढुरका लेप असतो, जो हवा लागल्यावर पाहता पाहता निळा पडत जातो. लोह आणि फॉस्फेट यांपासून बनलेले ते व्हिव्हियनाइट नावाचे खनिज होय. ते दिसले की त्या जागी प्राणवायू पोहोचलेला नव्हता, असे खुशाल समजावे.

मात्र बाहेरून धडधाकट दिसणारे वाहन आतून तसेच असेल, याची खात्री देता येत नाही. टी-३४ चे बारा सिलिंडरांचे डिझेल इंजिन बहुतांशी अॅल्युमिनियमचे असते, आणि पोलादाला खेटून असलेले अॅल्युमिनियम ओलाव्यात आधी झिजते. टाकीत उरलेले डिझेल आणि भागांवर राहिलेला तेलाचा थर यांचा अशा वेळी मोठा आधार होतो. या रणगाड्याचे इंजिन दुरुस्तीनंतर चालू झाल्याचे सांगितले जाते. तसे घडले असल्यास त्याचे श्रेय गाळाइतकेच तेलालाही द्यावे लागेल. वाहन वर आल्यावर ते उन्हात ठेवून समारंभ करण्याचा मोह टाळणे इष्ट. त्याच दिवशी गाळ धुवून काढणे, पाणी निथळू देणे आणि उघडता येतील तेवढे भाग उघडून तेलात बुडवणे आवश्यक असते, कारण अर्धशतक थांबलेला गंज हवा लागताच पुन्हा सुरू होतो.

त्याआधी दारूगोळा. या रणगाड्यात शंभराहून अधिक तोफगोळे होते. पाण्यात राहून गोळे निकामी होतात, ही समजूत अत्यंत धोक्याची आहे. म्हणून लष्कराचे बॉम्बशोधक पथक हजर असल्याशिवाय कोणीही झाकणाला हात लावू नये.

प्रश्न : मग समुद्रातून काढलेल्या वाहनांचे काय? तीही अशीच चालू करता येतात का? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : क्वचितच, आणि त्याचे कारण आपल्यासारख्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड लोखंडाच्या गंजात खोलवर शिरून बसते. पाण्यात असेपर्यंत ते स्वस्थ असते. वस्तू बाहेर काढून वाळू दिली की तेच क्लोराइड हवेतील दमटपणाशी मिळून आम्ल तयार करते, आणि पोलादाचे पापुद्रे सुटू लागतात. ओतीव लोखंडाची गत आणखी वाईट असते. त्यातील लोह विरघळून जाते आणि मूळ आकार राखून मागे उरते ते ग्राफाइट, जे सुरीने खरवडता येते. असा गिअरबॉक्स डोळ्यांना अखंड दिसतो, पण हातात घेतला की तुकडा निघून येतो.

म्हणून समुद्रातून आलेली वस्तू प्रक्रिया सुरू होईपर्यंत ओलीच ठेवतात. नंतर ती सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात बुडवतात, बाहेर आलेले क्लोराइड मोजतात, द्रावण बदलतात आणि हे पुन्हा पुन्हा करतात. अमेरिकेच्या यादवी युद्धातील मॉनिटर या युद्धनौकेचा सुमारे १२० टनी फिरता बुरूज २००२ मध्ये समुद्रातून काढला गेला आणि दोन दशके उलटल्यावरही तो द्रावणाच्या हौदातच होता. अॅल्युमिनियमला असे अल्कधर्मी द्रावण चालत नाही. ऑगस्ट १९४० मध्ये पाडले गेलेले जर्मन डॉर्निअर विमान जून २०१३ मध्ये इंग्लंडजवळच्या गुडविन सँड्स येथून वर काढले, तेव्हा कॉस्फर्ड येथील संग्रहालयाने त्याच्यासाठी बोगद्यासारखे मांडव उभारून सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे सतत चालू ठेवले होते. लिंबात असते तेच हे आम्ल.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉरक्रॉस येथे समुद्रकाठी उभा असलेला शर्मन रणगाडा हा या बाबतीत प्रामाणिक नमुना म्हणावा लागेल. नॉर्मंडीवरील चढाईच्या १९४४ मधील सरावात तो बुडाला. केन स्मॉल या स्थानिक गृहस्थांनी अमेरिकी सरकारकडून तो ५० डॉलरना विकत घेतला आणि १९८४ मध्ये वर काढला. त्याच किनाऱ्यालगत २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे जर्मन टॉर्पेडो बोटींच्या हल्ल्यात सातशेहून अधिक अमेरिकी सैनिक व नौसैनिक मारले गेले होते, आणि आज हा रणगाडा त्यांचे स्मारक आहे. त्याला चालू करण्याचा आटापिटा कोणी केला नाही. काळा रंग देऊन तो तसाच उभा केला आहे. नव्या भागांनी भरलेल्या चकचकीत रणगाड्यापेक्षा आम्हाला हा अधिक मोलाचा वाटतो, मग त्याची तोफ कधीच वळली नाही तरी चालेल.

प्रश्न : वाहन गाळातून ओढताना तुटत नाही का? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : तुटू शकते. गाळाची पकड वाहनाच्या वजनाहूनही भारी पडू शकते. त्यामुळे जोराचा हिसका न देता पाण्याच्या झोताने तळाखालचा गाळ सैल करतात आणि दोर हळूहळू ताणत नेतात. कोरड्या जागी खोदणे सोपे. इंग्लंडमधील क्रोलँड येथे १९४७ च्या महापुरात वेलंड नदीचा बांध फुटला, तेव्हा लष्कराची बफेलो नावाची जलस्थलगामी वाहने खिंडार बुजवण्यासाठी त्यात घातली गेली. त्यांपैकी एक २०२१ मध्ये शेताखाली सुमारे नऊ मीटर खोलीवरून बाहेर काढण्यात आले. चिकणमातीने ते बऱ्याच चांगल्या स्थितीत जपले होते.

प्रश्न : समुद्रात अजूनही पुष्कळ रणगाडे आहेत, तर ते सगळे का काढत नाहीत? आपल्याकडे असे रणगाडे कोठे पाहता येतील? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : पहिली अडचण मालकीची आहे. बुडालेले लष्करी वाहन सापडेल त्याचे होत नाही; ते सामान्यतः ज्या देशाच्या सैन्याचे होते त्याचेच राहते, आणि म्हणूनच स्मॉल यांना आधी खरेदीचा कागद मिळवावा लागला. दुसरी अडचण अशी की यांतील काही वाहने म्हणजे सैनिकांच्या कबरी आहेत. तेथे परवानगी मिळत असली तरी हात लावू नये, असे आमचे मत आहे. तिसरी अडचण पैशाची. दोन दशके हौद सांभाळण्याची ऐपत नसलेल्या संस्थेने वस्तू वर काढणे म्हणजे तिचा नाश करणे होय.

आपल्याला तर दूर जायला नको. आपल्याच अहिल्यानगर शहरातील लष्कराच्या रणगाडा संग्रहालयात ब्रिटिश बनावटीचा व्हॅलेंटाइन उभा आहे. त्याच जातीच्या रणगाड्यांना कॅनव्हासचा उंच पडदा लावून तरंगते केले गेले होते. ४ एप्रिल १९४४ रोजी इंग्लंडच्या स्टडलंड उपसागरातील सरावात असे काही रणगाडे खवळलेल्या समुद्रात बुडाले आणि सहा सैनिक मरण पावले. ते रणगाडे आजही तळाशीच असून २०१९ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण देण्यात आले. समुद्रात बुडी मारणाऱ्यांना ते पाहता येतात, पण त्यांतील काहीही वर आणण्यास मनाई आहे.