अर्ली डिसिजन टाकण्याआधी मदतीचं गणित

तुमचा प्रश्न असा: मुलगी बारावीत, पदवीसाठी अमेरिका, घरातून वर्षाला फार तर १२ लाख निघतील, आणि काउन्सिलर म्हणतात, 'अर्ली डिसिजन टाका, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधीच अर्ज करा, संधी वाढते.' बऱ्याच कॉलेजांत वाढते, खोटं नाही. पण १२ लाख म्हणजे जेमतेम १३-१४ हजार डॉलर, आणि महागड्या खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ९० हजार डॉलरच्या पुढे गेलाय. मधली रक्कम कॉलेजच देणार, त्यामुळे ते मदत कशी ठरवतं हे आधी बघा.

अर्ली डिसिजन बंधनकारक असतं. एकाच कॉलेजला टाकता येतं, करारावर मुलगी, पालक आणि काउन्सिलर तिघांची सही लागते, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. म्हणजे चार कॉलेजांची मदतपत्रं शेजारी ठेवून बघण्याची सोय गेली. जिथे पैसा मेरिट स्कॉलरशिपवर अवलंबून आहे, तिथे म्हणूनच हा मार्ग नकोच. मदत पुरली नाही तर करारातून सुटता येतं, पण ते डिसेंबरात, हातात दुसरा कुठलाच प्रवेश नसताना.

'पूर्ण गरज भागवतो' म्हणणाऱ्या कॉलेजांचा विचार करा, पण ती गरज कॉलेज ठरवतं, तुम्ही नाही. मदत ठरवण्यासाठी बरीच कॉलेजं जो ऑनलाइन फॉर्म मागतात, त्या सीएसएस प्रोफाइलमध्ये पगाराबरोबर घर, दुसरा फ्लॅट, जमीन, ठेवी सगळं विचारतात. सातबाऱ्यावर मुलीच्या वडिलांचं नाव आहे म्हणून सामाईक जमिनीची पूर्ण किंमत भरली, तर कागदावर तुम्ही श्रीमंत दिसता. फक्त आपला हिस्सा लिहा आणि विशेष परिस्थितीच्या रकान्यात खुलासा करा. घरावरचं कर्जही विसरू नका. कॉलेजच्या मदत कार्यालयाला ऑक्टोबरातच ईमेल करून विचारा: परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर निवडीवर परिणाम होतो का? आमच्या आकड्यांवरून अंदाज द्याल का? आणखी एक: पैसे नंतर बघू म्हणून मदतीचा अर्ज टाळू नका. परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर बरीच कॉलेजं पुढची चारही वर्षं देत नाहीत.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी परदेशी विद्यार्थ्यांची निवड करताना मदतीची मागणी मोजत नाहीत, आणि तिथला लवकरचा अर्ज बंधनकारक नाही. एमआयटी वगळता बाकी तिघांच्या अटी इतर खासगी कॉलेजांना लवकर अर्ज करण्यावर बंधन घालतात, तेवढं वाचा. अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडनही मागणी मोजत नाहीत, पण तिथे अर्ली डिसिजनच आहे. अर्ली अ‍ॅक्शन (लवकरचा, पण बंधनकारक नसलेला अर्ज) असलेली सरकारी विद्यापीठं मात्र बिनधास्त यादीत घ्या: उत्तर लवकर येतं, होकार १ मेपर्यंत द्यायचा असतो.

अर्ली डिसिजनचा अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरला जातो, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. नेहमीच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे नकार आला तर हातात दोन-तीन आठवडे. म्हणून बाकीच्या अर्जांचे निबंध आणि आयकर विवरणपत्रांचे इंग्रजी कागद नोव्हेंबरातच तयार ठेवा; सीएसएसची फी प्रत्येक कॉलेजमागे वेगळी पडते, म्हणून यादी आठ-दहाच्या वर नेऊ नका.