सुई पाहून चक्कर येते? अंग सैल सोडू नका

"मॅडम, मी भित्रा नाही हो. पण सुई टोचताना पाहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते." पोलीस भरतीची तयारी करणारा धट्टाकट्टा मुलगा मान खाली घालून सांगत होता. आई म्हणाली, "याच्या बाबांचंही असंच." समुपदेशक म्हणून ही तक्रार माझ्या कानावर वरचेवर येते, आणि बहुतेक वेळा त्यासोबत लाजही असते.

"चक्कर येतेय असं वाटलं की काय करतोस?"

"दीर्घ श्वास घेतो, अंग सैल सोडतो. सगळे तेच सांगतात ना!"

गाठ नेमकी इथेच होती. एरवीच्या भीतीत नाडी आणि रक्तदाब चढलेले असतात, म्हणून सैल सोडल्यावर बरं वाटतं. रक्त किंवा सुई पाहून मात्र रक्तदाब क्षणभर चढतो आणि मग धाडकन उतरतो. व्हेगस नर्व्ह (मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी नस) हृदयाची गती मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, मेंदूला रक्त कमी पडतं. शुद्ध हरपण्याआधी जांभई, घाम, मळमळ होते, कानांत दडे बसतात. शरीर हे आपोआप करतं, धाडसाचा इथे संबंध नाही. अशा वेळी अंग सैल सोडलं की दाब आणखी उतरायला वाटच मिळते.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात यावर उपाय मांडला. खुर्चीत बसून मुठी, मांड्या, पोट १० ते १५ सेकंद आवळायचं, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग नेहमीच्या स्थितीत यायचं, पूर्ण सैल नाही. २०-३० सेकंदांनी पुन्हा. असं पाच वेळा, दिवसातून पाचदा, आठवडाभर. श्वास रोखू नये. डोकं दुखलं तर जोर कमी करावा.

भीतीचं मूळ बालपणात शोधत बसण्याआधी शरीराला शिकवावं, या मताची मी आहे. सराव झाल्यावर त्याला सिरिंजचा फोटो दाखवला. जांभई आली.

"आवळ!"

थोड्या वेळाने तो म्हणाला, "गाल गरम झाले... मॅडम, अंधारी गेली!"

"तू घालवलीस." त्या दिवशी तो पहिल्यांदा ताठ मानेने बोलला.

फोटोनंतर व्हिडिओ, मग लॅब. तिथे आधीच सांगून आडवं व्हावं. सुई टोचायचा हात सैल, बाकी अंग आवळलेलं. नंतर दहा-पंधरा मिनिटं पडून राहावं. कुणी बेशुद्ध पडलंच तर नातेवाईक धरून बसवतात, ते टाळा. आडवं करून पाय उंच ठेवा. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आवळण्याचा सराव डॉक्टरांना विचारूनच करावा. आणि धावताना किंवा काहीच कारण नसताना शुद्ध हरपत असेल, तर समुपदेशकाआधी हृदयरोगतज्ज्ञ गाठा.