बार्सिलोनाची दहीहंडी, पण हंडीशिवाय

प्रश्न : ताई, नवरा, मी, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघं बार्सिलोनाला जायचं म्हणतोय. घरचे पाच दिवसांचे गणपती झाले की निघायचं, म्हणजे साधारण २० सप्टेंबर. तोवर तिकडे थंडी पडते का? समुद्रात उतरता येईल का? आणि सासूबाई पक्क्या शाकाहारी, त्यांचं काय करायचं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : अहो थंडी कसली, दुपारी पंचवीसच्या आसपास असतं, संध्याकाळी पातळ जॅकेट पुरे. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो त्यामुळे जूनपेक्षा सप्टेंबरातच पाणी जास्त कोमट, पोराला खुशाल डुंबू द्या. फक्त एखादी सर येते ती आपल्या वळवासारखी धो धो, तेवढी तयारी ठेवा.

पण तुम्ही नकळत काय तारीख धरलीय बघा! २४ सप्टेंबरला तिथल्या ग्रामदेवीचा म्हणा ना, ला मेर्सेचा उत्सव असतो, शहराला सुट्टी, आणि त्या दिवसांत प्लासा दे सांत जाउमे या चौकात माणसांचे मनोरे लागतात. कास्तेल म्हणतात त्याला. ठाण्याच्या माणसाला मी थर काय समजावणार, पण फरक सांगते. वर हंडीच नसते. सगळ्यात वरचं पोर, त्याला अन्शानेता म्हणतात, हेल्मेट घालून चढतं, एक हात वर करतं आणि लगेच दुसऱ्या बाजूने उतरायला लागतं. आणि मनोरा पुरता झाला कधी म्हणायचा, तर सगळे थर नीट खाली उतरले की! आपल्याकडे हंडी फुटली की धपाधप पडतात, तिथे उतरणं हीच खरी परीक्षा. खाली गर्दीत दाबलेल्यांना वरचं काही दिसत नाही, म्हणून सनईसारखं ग्राया नावाचं वाद्य वाजत असतं, त्याच्या सुरावरून त्यांना कळतं वर कुठवर पोचलेत ते. मी तर तिथे उभ्या उभ्या रडले होते. २०१० मध्ये युनेस्कोनेही याला वारसा यादीत घेतलंय. चौकात लवकर जा, सासूबाईंना कडेला उभं करा.

रात्री कोर्रेफोक असतं, सैतानाच्या वेशातली माणसं ठिणग्या उडवत रस्त्यातून नाचत जातात. जायचंच तर अंगभर सुती कपडे, डोक्याला रुमाल, आणि सिंथेटिक साडी अजिबात नको. पोरांसाठी वेगळं, सौम्य कोर्रेफोक असतं, तेच बघा.

जेवणाचं म्हणाल तर पावावर टोमॅटो चोळून तेल घातलेलं पा आम्ब तुमाकत सगळीकडे मिळतं, एस्कालिवादा म्हणजे भाजलेली वांगी-ढोबळी मिरच्या, भरीत करायचं राहून गेलंय असं वाटतं. पण त्यावर कधी कधी मासा ठेवतात, आणि नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की खुशाल ट्यूना आणून देतात, म्हणून ‘सिन कार्ने नी पेस्कादो’ हे पाठ करा, मांसही नको मासाही नको. रात्रीचं जेवण तिथे नऊच्या सुमाराला, तोवर सासूबाईंना दशम्या लागतील.

साग्रादा फामिलिया या तिथल्या प्रसिद्ध चर्चची तिकिटं वेळेसकट आधीच ऑनलाइन काढा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो त्या व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तोही आत्ताच टाका. आणि रांब्ला या गर्दीच्या रस्त्यावर पर्स पोटाशी! माझा फोन गेला तेव्हा मी मैत्रिणीला हेच सांगत होते.