कॅनव्हा येतं, एडिटिंग येतं. मग वर्ग सोडू का?

प्रश्न: मी भांडुपला राहते. फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलंय, आता बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये आठवीला ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ शिकवायला मी २२ मिनिटांचा व्हिडिओ तयार केला, ऑनलाइन क्विझही घेतली. शाळेत खूप कौतुक झालं, पण चाचणीत मुलांना फारसं काही आलं नाही. चुलतभाऊ म्हणतो, इन्स्ट्रक्शनल डिझायनर (धडे आणि कोर्स आखून देणारा) हो, शाळेत काय ठेवलंय? अंधेरीतल्या एका कोर्सची फी ८५ हजार आहे, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतात. आई म्हणते, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) दे, कायमची नोकरी धर. मी काय करू?

उत्तर: कौतुक झालं तरी मुलांना आलं नाही, हे तू सरळ लिहिलंस. या क्षेत्रात हीच नजर लागते. म्हणून आधी त्या व्हिडिओबद्दल बोलू, मग नोकरीबद्दल.

आठवीतल्या बऱ्याच मुलांचा एक पक्का समज असतो: सेलमधून निघालेली धारा बल्बमध्ये थोडी खर्च होते आणि उरलेली परत येते. तुझ्या व्हिडिओतली माहिती अगदी बरोबर असेल. पण हा समज मुलांकडून वदवून घेतला नाहीस, तर ती बरोबर माहिती ऐकतात आणि स्वतःचा समज जसाच्या तसा घेऊन घरी जातात.

तोच धडा असा घेऊन बघ. आधी फक्त चित्र दाखव: सेल, वायर, बल्ब. विचार, बल्बच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक ॲमीटर (धारा मोजणारं यंत्र) लावला तर कुठला जास्त आकडा दाखवेल? उत्तर कारणासकट वहीत लिहायला लाव, बोलू देऊ नकोस, नाहीतर पहिल्या बाकावरचं उत्तर सगळ्यांचं होतं. मग कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संगणकावरच्या मोफत प्रयोगांच्या संचातलं सर्किट किट उघड आणि दोन ॲमीटर जोड. दोन्हीकडे आकडा सारखाच! वर्गात गलका होईल, होऊ दे. ‘मग बल्बमध्ये खर्च काय होतं?’ हा प्रश्न एखादं मूल स्वतःहून विचारेल, आणि ऊर्जेबद्दल बोलायची खरी वेळ तीच. खरा सेल आणि खरा बल्ब मुलांच्या हातात द्यायचाच. जे हाताने करून बघता येतं त्याला पडदा कशाला? वायरमधून सरकणारे इलेक्ट्रॉन मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, तिथे हे किट उपयोगी पडतं.

ऑनलाइन धड्याची रचना म्हणजे नेमकं हेच काम. प्रत्येक धड्याचा स्टोरीबोर्ड लिहायची सवय लाव. कागदावर तीन रकाने आख: पडद्यावर काय दिसतं, आवाजात काय ऐकू येतं, आणि त्या वेळी विद्यार्थी काय करतो. नवख्यांचे पहिले दोन रकाने भरगच्च असतात आणि तिसऱ्यात वरपासून खालपर्यंत ‘ऐकतो’, ‘बघतो’. तुझ्या २२ मिनिटांचाही असा कागद कर. पवईच्या आयआयटीतल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या गटाने ऑनलाइन कोर्ससाठी जी विद्यार्थिकेंद्री पद्धत बसवली, तिच्यात छोट्या व्हिडिओच्या मध्येच थांबण्याची जागा ठेवलेली असते. तिथे प्रश्न येतो, विद्यार्थी व्हिडिओ थांबवून उत्तर लिहितो, मगच पुढे जातो. तुला तिसरा रकाना भरायची ती चांगली सुरुवात आहे.

आणखी एक. पडद्यावर लिहिलेलंच वाक्य आवाजात वाचून दाखवू नकोस. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत असं केल्याने शिकणं सुधारण्याऐवजी बऱ्याचदा कमीच होताना दिसलं. सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी ‘रेझिस्टन्स’सारखा नवा शब्द पडद्यावर दिसला तर मदत होते, पण शब्द, आख्खा परिच्छेद नव्हे. शिवाय घरी फोन एकच असतो, तो रात्री बाबा कामावरून आल्यावर हातात पडतो आणि तोवर दिवसाचा डेटा संपत आलेला असतो, हे धरूनच धडा बांध. तीन-चार मिनिटांचे तुकडे असले तर व्हॉट्सॲपवरूनही जातात.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी. ती कल्पना जिल्हा परिषदेच्या शाळेत, समोरच्या मुलांची गरज बघून सुचलेली होती. तू वर्ग लगेच सोडू नयेस असं मला वाटतं, त्याचं कारणही हेच. मुलं कुठे अडतात हे तुला अजून वर्गातच कळणार आहे. ते कळलेला माणूस कुठलंही सॉफ्टवेअर महिन्याभरात शिकतो.

आता नोकरीचं. मुंबईत इन्स्ट्रक्शनल डिझायनरची बरीच कामं शाळेच्या मुलांसाठी नसतात, कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी असतात: बँकेतल्या नव्या माणसाला केवायसीचे नियम, औषध कंपनीच्या प्रतिनिधीला नवं उत्पादन. काम चांगलं आहे, पगारही असतो, पण त्यात आठवीचा वर्ग नाही. ते तुला चालेल का, याचं उत्तर भावाकडे नाही, तुझ्याकडे आहे. मुलांचंच शिक्षण हवं असेल तर शैक्षणिक संस्था, प्रकाशनं, शाळांसाठी साहित्य तयार करणारे गट बघ.

८५ हजार भरू नकोस. निदान आत्ता तरी नको. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्यांना मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांचे फोन नंबर माग, आणि कोर्स संपताना हातात कोणते तयार धडे असतील ते विचार. दोन्हीवर टाळाटाळ झाली तर विषय संपला. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर असे कोर्स फुकट शिकता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी पडते. पदवीच हवी असेल तर एसएनडीटी विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग जुहूला आहे. पुढे संशोधनाची ओढ वाटली तर पवईची आयआयटी आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, दोन्ही तुझ्या घरापासून फार लांब नाहीत, आणि दोन्हीकडे पीएच.डी. करता येते.

आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. घरात ठरलेला पगार येणं याची किंमत त्यांनी अनुभवलेली असणार. त्यांना एवढंच सांग की अनुदानित शाळेतही पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. माध्यमिकसाठी ते २०२३ मध्ये वाढून महिना १८ हजार झालं. त्यामुळे परीक्षा जरूर दे, आणि त्या काळात तुझ्या धड्यांचा संग्रहही वाढव. दोन्ही एकत्र होण्यासारखं आहे.

संग्रहात दहा धडे नकोत, दोन पुरेत. प्रत्येकाबरोबर स्टोरीबोर्ड, मुलांनी आधी लिहिलेली उत्तरं, नंतरची उत्तरं, आणि त्यावरून तू धड्यात काय बदललंस ते एका पानात. मुलांची नावं झाक. मुलाखतीत हे पान पुढे ठेवणारे उमेदवार फार थोडे असतात. पहिला धडा धाराविद्युतचाच घे, इंटर्नशिप संपायच्या आत त्याच वर्गावर पुन्हा करून बघ. त्या वर्गाच्या मूळ चाचणीचे पेपर अजून तुझ्याकडे असतील तर टाकू नकोस, ‘आधीची उत्तरं’ म्हणून तेच लागणार आहेत.