सेंट थॉमसचा थांबा: आधी वारा बघा, मग मास्क

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत मायामीहून सात रात्रींची क्रूझ, वाटेत कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर जहाज सकाळी आठ ते दुपारी चार. तुम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि साठीच्या सासूबाई. पोहता फक्त तुम्हाला येतं. खारफुटीतली कयाक आणि स्नॉर्केल (मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखाली बघणं) सहल घ्यावी का?

घ्या. फक्त स्नॉर्केलला चौघांनी एकदम पाण्यात उतरायचं नाही, कारण एक पोहणारा तिघांकडे बघू शकत नाही.

आधी घड्याळ. सेंट थॉमस वर्षभर एकाच वेळेवर चालतं आणि हिवाळ्यात ते मायामीच्या एक तास पुढे असतं. काही जहाजं घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत. बेटाचा टॉवर पकडला की फोन आपोआप पुढे जातो. जहाज मायामीच्या वेळेवर असेल आणि तुम्ही बाहेरून नऊची सहल घेतली असेल, तर जहाजाच्या घड्याळात ती आठची असते, म्हणजे गँगवे (जहाजातून उतरायची शिडी) उघडेपर्यंत सहल निघालेली. जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीत ही भानगड नाही, शिवाय परतायला उशीर झाला तर जहाज त्या सहलीसाठी थांबतं. बाहेरची स्वस्त पडते आणि गटही बहुधा लहान असतो, पण मग जहाज सुटायच्या किमान दोन तास आधी धक्क्यावर पोचता येईल अशीच वेळ निवडा. दोन धक्के आहेत, हॅवनसाइट आणि क्राउन बे. खारफुटीचं लगून, म्हणजे आडोशाचं उथळ पाणी, बेटाच्या आग्नेयेला आहे. क्राउन बे शार्लट अमाली या बेटावरच्या मुख्य शहराच्या पश्चिमेला, म्हणजे तिथून शहराची गर्दी ओलांडावी लागते. टॅक्सीचं भाडं गाडीमागे नसून माणशी असतं, बसण्याआधी विचारून घ्या. (अमेरिकेचा प्रदेश असूनही गाड्या डाव्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडताना आपल्याला तेवढंच घरच्यासारखं.)

आता पाणी. कोकणात कयाक चालवणारा माणूस आधी भरती-ओहोटीचा तक्ता बघतो. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, इथे मात्र सगळा फरक जेमतेम फूटभराचा. इथे बघायचा तो वारा. पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत ते सगळ्यात जोरात असतात. लगूनच्या आत, झाडांच्या आडोशाला पाणी सपाट असतं, पण कॅस की या छोट्या बेटाकडे जाताना उघड्यावर आलं की वारा जाणवतो. बाजूने वारा लागला की कयाकचं नाक वाऱ्याकडे वळतं. नवखा माणूस घाबरून दोन्हीकडे सारखंच वल्हवत राहतो आणि गोल फिरतो. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला दोन-तीन लांब, रुंद हात मारले की नाक सरळ होतं.

दोघांच्या कयाकमध्ये ताकदीचा माणूस मागे. लय पुढचा ठरवतो, मागच्याने त्याच्याकडे बघून हात जुळवायचा, नाहीतर वल्ही एकमेकांवर आपटतात. तुमच्यात एका कयाकमध्ये तुम्ही आणि मुलगा, दुसऱ्यात पत्नी मागे आणि सासूबाई पुढे. ही दुसरी जोडी गाइडच्या जवळ ठेवायची. वल्ह्याच्या पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे हवी. ओढ दंडाने काढली की अर्ध्या तासात खांदे भरतात, कमरेतून वळा. या कयाकवर आपण वर बसतो आणि बुडाला आरपार भोकं असतात. त्यातून पाणी वर येणं नेहमीचंच, होडी बुडत नाहीये हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. पालथी झालीच तर कयाक सुलटी करा. एकाने पलीकडून धरून ठेवायचं, दुसऱ्याने पाय झाडत आधी पोटावर चढायचं, मग वळून बसायचं.

तिथली मुळं बघून ओळख पटेल. लाल खारफुटी म्हणजे आपल्या कांदळाचीच भावकी, तीच कमानदार आधारमुळं. मधेमधे करडे वाळके सांगाडे दिसले तर नवल नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा आणि मारिया ही वादळं दोन आठवड्यांच्या अंतराने आली. जाड फांद्या सोलल्या गेल्या की या जातीला नवी पालवी फुटत नाही, झाड उभंच मरतं. तळाशी उताण्या पडलेल्या कॅसिओपिया जेलीफिश दिसतील. त्या अंगाला लागल्या नाहीत तरी डिवचल्यावर डंखाच्या पेशी भरलेला बुळबुळीत स्राव पाण्यात सोडतात, म्हणून त्यांच्यावरून पाय झाडत जाऊ नका. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला की चुणचुण आणि ऊन दोन्ही टळतं. किनाऱ्यावर छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं दिसली तर हात लावायचा नाही. ती मँचिनील या विषारी झाडाची असू शकतात. त्याचा चीक कातडीवर फोड आणतो आणि पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी तेच होतं. मुलाला हे दोनदा सांगा.

दिवस बिघडवणारं खरं कारण बहुतेकदा मास्क असतं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर बसला. गळतोय म्हणून पट्टा आवळणं ही हमखास चूक, त्याने कड वाकते आणि जास्त गळतं. मुलाला लहान मुलांचाच मास्क हवा. मिशी असेल तर नाकाच्या लगेच खालची बारीक पट्टी काढून टाका किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. नंबर असेल तर तयार काचेचा मास्क अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यात मिळतो. सिलिंड्रिकल नंबराचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवायचा: उणे ३ आणि सिलिंडर उणे १ असेल तर उणे साडेतीन. मधला आकडा आला तर कमी नंबर घ्या, पाण्यात वस्तू तशाही मोठ्या दिसतात. आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून विसळला की धुकं धरत नाही.

नळीतून भराभर वरवरचे श्वास घेतले की नळीतलीच वापरलेली हवा परत आत येते आणि जीव घाबरा होतो. श्वास सोडताना वेळ घ्यायचा. हे जहाजावर कोरड्यातच पाच मिनिटं करून बघा. मालवणला स्नॉर्केल केलं असेल तर तिथे गाइड धरून नेतो. इथे बहुधा फुगवायचं व्हेस्ट घालून स्वतः तरंगावं लागतं, म्हणून मुलगा आणि पत्नी एकेक करून तुमच्याबरोबर, आधी छातीभर पाण्यात. प्रवाळावर उभं राहायचं नाही. त्याचं नुकसान होतंच, वर फायर कोरल आणि काळ्या लांब काट्यांचे सी अर्चिन तुमचंही करतात.

सनस्क्रीन भारतातून नेणार असाल तर मागची यादी वाचा. ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रायलिन असलेली सनस्क्रीन इथे मार्च २०२० पासून बेकायदा आहेत, जवळ बाळगणंसुद्धा. झिंक ऑक्साइडवालं घ्या आणि निघायच्या वीस मिनिटं आधी लावा.

सासूबाईंना रक्तदाबाची किंवा हृदयाची तक्रार असेल तर त्यांनी कयाक करावी, स्नॉर्केल सोडावं. तेवढा वेळ कॅस कीवर शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे बघण्यात छान जातो. पायात चप्पल नको, मागे पट्टा असलेले पाण्यातले बूट द्या.