निवडणुकीत एका उमेदवाराचा प्रचार करणाऱ्या बिगरपक्षीय मंचाला देणगी देता येते का?

तुमचा प्रश्न असा आहे: विधानसभेसाठी तालुक्यातल्या काही जणांनी 'नागरिक मंच' काढलाय. मंच कुठल्या पक्षाचा नाही, पण एकाच उमेदवारासाठी सभा, फ्लेक्स आणि व्हिडिओ करणार आहे. तुम्हाला तुमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या खात्यातून 2 लाख द्यायचेत, अमेरिकेतले मेहुणेही पैसे पाठवायला तयार आहेत, आणि 80जीची, म्हणजे देणगीवर करसवलत देणारी, पावती मिळेल का, असं विचारलंय.

पावती मिळणार नाही. कंपनीचा चेक देऊ नका. मेहुण्यांचं त्यांच्या पासपोर्टवर ठरेल. आणि उमेदवाराची लेखी परवानगी नसताना मंचानं त्याच्यासाठी पहिला फ्लेक्स लावला, की तिथंच गुन्हा घडला.

आता 'मंच स्वतंत्र असतो, त्याचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरत नाहीत' हे जे तुम्हाला सांगितलं गेलंय, त्याबद्दल. उमेदवारांच्या खर्चाच्या नोंदवह्या लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाक्य दर निवडणुकीत ऐकावं लागतं. सांगणारे वकील असतात, सीए असतात, आणि ते 2003 साली रद्द झालेला कायदा बिनधास्त सांगत असतात. म्हणून हे एकदा नीट लिहितो.

लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 77. उमेदवारानं किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीनं केलेला किंवा मान्य केलेला खर्च, अर्ज भरल्यापासून निकालाच्या दिवसापर्यंत, हिशेबात आलाच पाहिजे. 'मान्य केलेला' म्हणजे काय, यावरच सगळं भांडण आहे. 1971 च्या लोकसभा निवडणुकीतल्या दिल्ली सदर मतदारसंघाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला. ऑक्टोबर 1974 मध्ये न्यायालयानं सांगितलं की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च त्याला माहीत असेल, तो त्याचा फायदा घेत असेल आणि नको म्हणत नसेल, तर तो त्यानं मान्य केलेलाच खर्च. मर्यादा तोडायला मित्र, संघटना पुढं करायच्या आणि आपण हात झटकायचे, ही पळवाट त्या निकालानं बंद झाली. ती त्याच महिन्यात वटहुकूम काढून पुन्हा उघडली गेली: कलम 77 ला स्पष्टीकरण जोडलं की पक्ष, कोणतीही संघटना किंवा व्यक्ती यांनी केलेला खर्च उमेदवाराचा मानू नये. जवळपास तीस वर्षं हेच चाललं. 1991 च्या अहमदनगर लोकसभा निवडणुकीवरून झालेला गडाख-विखे खटला मराठी माणसाला आठवत असेल. त्यातला मूळ वाद वेगळा होता, पण 1993 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं जाता जाता खर्चमर्यादा ही निव्वळ धूळफेक आहे असं लिहून ठेवलं, ते या स्पष्टीकरणामुळंच.

2003 साली संसदेनं ते स्पष्टीकरण काढून टाकलं. त्याजागी जी सूट ठेवली ती फक्त पक्षाच्या नेत्यांच्या, म्हणजे स्टार प्रचारकांच्या, प्रवासखर्चाची. मान्यताप्राप्त पक्षाला 40 नावं, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्याला 20. संघटना, मंच, मित्रमंडळ यांना सूट राहिली नाही. त्यामुळे 'मंचाचा खर्च वेगळा' म्हणणाऱ्याला एकच विचारा: कायद्याची कुठल्या सालची प्रत वाचताय?

म्हणजे मंचाचे पैसे दोनच ठिकाणी जाऊ शकतात. उमेदवारानं लेखी परवानगी दिली, तर सगळी रक्कम त्याच्या मर्यादेत मोजली जाते. ती महाराष्ट्रात विधानसभेला 40 लाख, लोकसभेला 95 लाख (गोव्यात 28 आणि 75). परवानगी नसेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 176, म्हणजे जुनं भादंवि 171एच. पूर्वी दंड 500 रुपयांपर्यंत होता, आता 10,000 पर्यंत. त्यात एक सवलत आहे: खर्च 10 रुपयांच्या आत असेल तर 10 दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता आणून सुटता येतं. दहा रुपयांत फ्लेक्सचा कोपराही छापून होत नाही, तेव्हा ती सवलत विसरा.

प्रत्यक्षात पकडलं कसं जातं? मंचानं सभा घेतली. व्हिडिओ पथक येऊन स्टेज, मांडव, खुर्च्या, बॅनर, गाड्यांचे नंबर चित्रित करतं. दुसरं पथक संध्याकाळी ते फुटेज बघून एकेक वस्तू मोजतं. लेखा पथक जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकातला दर लावतं. त्यात खुर्चीपासून चहापर्यंत सगळ्याचे दर असतात. ती रक्कम शॅडो रजिस्टरमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांनी त्या उमेदवारासाठी स्वतः ठेवलेल्या समांतर नोंदवहीत, चढते. उमेदवाराच्या नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. खर्च निरीक्षकाकडं तपासणीला गेल्यावर पांढऱ्या पानावर ती सभा नसते आणि शॅडो रजिस्टरमध्ये असते. बॅनरवर उमेदवाराचा फोटो असेल, किंवा तो पाच मिनिटं येऊन हात हलवून गेला असेल, तर 'मला माहीत नव्हतं' हे कोणी ऐकून घेत नाही. नोटीस उमेदवाराला येते. मंचवाले तोवर पुढच्या सभेच्या तयारीत असतात. मर्यादेपेक्षा जास्त खर्च हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(6) खाली भ्रष्ट आचार आहे, त्यावर निवडणूक याचिकेत निवड रद्द होऊ शकते. उमेदवाराला मंच नको असेल तर त्यानं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला तसं तत्काळ लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. तोंडी नको म्हणून भागत नाही.

छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं, पत्ते हवेतच (त्याच कायद्याचं कलम 127अ). प्रकाशकानं सही केलेलं, त्याला ओळखणाऱ्या दोन जणांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत छापखान्याला द्यायचं. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम विरोधी उमेदवाराला पाडण्यासाठी काढलेल्या पत्रकालाही लागतं. टीव्ही, केबल, सोशल मीडियावरच्या जाहिरातीला आधी एमसीएमसीचं, म्हणजे निवडणूक यंत्रणेच्या माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समितीचं, प्रमाणपत्र लागतं. पक्ष आणि उमेदवारांना 3 दिवस आधी अर्ज चालतो, इतरांना 7 दिवस आधी. आणि इतरांना शपथेवर लिहून द्यावं लागतं की ही जाहिरात कोणा पक्षाच्या वा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही. तुमच्या मंचाचा उद्देशच तो आहे. मग शपथ कशी घेणार?

कंपनीचं कलम तर फारच थोडे लोक वाचतात. कंपनी कायदा, कलम 182. देणगी पक्षाला दिली तरच ती राजकीय, असा समज आहे. पण 182(2) म्हणतं की ज्याच्या कामामुळं एखाद्या पक्षाच्या जनाधारावर परिणाम होण्याची वाजवी शक्यता आहे, अशा कोणालाही जाणूनबुजून दिलेले पैसे राजकीय कारणासाठीच दिले असं मानलं जाईल. पक्षाच्या फायद्याच्या स्मरणिकेत दिलेली जाहिरातसुद्धा. परवानगी मात्र फक्त राजकीय पक्षाला देण्याची आहे, तीही कंपनीला तीन आर्थिक वर्षं पूर्ण झाली असतील तर, संचालक मंडळाचा ठराव करून, आणि रोखीनं नाही. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 7.5 टक्क्यांची मर्यादा 2017 मध्ये काढली होती. निवडणूक रोख्यांच्या 15 फेब्रुवारी 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते काढणंच घटनाबाह्य ठरवलं. उल्लंघनाला देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड आणि जबाबदार अधिकाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद. 2 लाखांसाठी संचालक म्हणून हे ओढवून घेऊ नका.

मेहुण्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असूनही त्यांचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली परदेशी धरले जातात. उमेदवार आणि पक्ष यांना ते पूर्ण बंद. त्यांच्या वतीनं इथल्या माणसानं घेणंही बंद, म्हणून बहिणीच्या खात्यातून फिरवायची कल्पना सोडा. शिक्षा 5 वर्षांपर्यंत आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर ती परदेशी देणगी नाही.

तुमच्या जागी मी असतो तर मंचाला एक रुपयाही दिला नसता. स्वतःच्या खात्यातून, ऑनलाइन किंवा चेकनं, उमेदवारानं अर्जाआधी निवडणुकीसाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यात पैसे द्या. तो ते आलेल्या रकमेत दाखवील. करसवलत हवी असेल तर नोंदणीकृत पक्षाला द्या, पॅनसह पावती घ्या. जुन्या करप्रणालीत व्यक्तीला ही सवलत 80जीजीसी कलमाखाली मिळते. मंचाला खुर्च्या, ध्वनिक्षेपक असं काही द्यायचंच असेल तर आधी उमेदवाराचं अधिकारपत्र, मग बिल, आणि दोन्हीच्या प्रती त्याच्या हिशेबनिसाला त्याच दिवशी.

ब्रिटनमध्ये 10,000 पौंडांहून जास्त खर्च करणाऱ्या बिगरपक्षीय गटाला निवडणूक आयोगाला आधी कळवावं लागतं, आणि नोंद झाल्यावर 500 पौंडांवरच्या प्रत्येक देणगीदाराची तपासणी करून न चालणारे पैसे 30 दिवसांत परत करावे लागतात. आपल्याकडं पक्षांना 20,000 रुपयांवरच्या देणग्या आयोगाला कळवाव्या लागतात, मंचांना काहीच नाही. माझ्या मते इथंही अशी नोंदवही हवी. प्रामाणिक मंचाला कायदेशीर जागाच नाही आणि अप्रामाणिकाला 10,000 रुपयांच्या दंडाची फिकीर नाही, ही स्थिती वाईट आहे.

राहिलेलं थोडं. कुणा एका उमेदवाराचं नाव न घेता मतदान करा असं सांगणारी, किंवा सगळ्या उमेदवारांना एका स्टेजवर बोलावणारी संस्था यात येत नाही. तिला खुशाल देणगी द्या. 80जी मात्र तिची तशी मान्यता असेल तरच. आणि जिल्हा परिषद, महापालिका निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथले कायदे आणि मर्यादा वेगळ्या, वर दिलेले आकडे तिथं लावू नका.